महानुभाव पंथाच्या उदयावरची आमची संगीतिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग सुरू झाल्यापासून तेच ते प्रश्न फोनवर, एस.टी. स्टँडवर आणि एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा विचारले गेले. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. संहिता माझी आहे, चाली माझ्या नाहीत. सुरांबद्दल काही चुकलं असेल तर ती चूक माझ्या समजुतीची, चाल लावणाऱ्याची नव्हे.

हाई नाटक शे का कीर्तन?

हा प्रश्न पहिल्याच प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या एका आबांनी पडदा उघडायच्या आधी विचारला. आबांना मी म्हटलं, बसा, अर्ध्या तासात तुम्हीच सांगाल. त्यांनी मध्यंतरात सांगितलं, "समजनं नही, पन बरं वाटनं." पुढचे चार महिने आम्ही त्यातला पूर्वार्ध दुरुस्त करत होतो.

नीट उत्तर असं की ही संगीतिका आहे. संगीत नाटकात पात्रं गद्यात बोलतात आणि मधे पद येतं. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं तेव्हापासून आपल्या कानाला ती सवय आहे. पद आवडलं की 'वन्स मोअर', आणि शकुंतला निघता निघता थांबून पुन्हा गाते. संगीतिकेत ही सोय नाही. "पाणी दे गं" हेसुद्धा सुरातच येतं आणि कथा गाण्याच्या आतून पुढे सरकते. आमच्याकडे वन्स मोअर घेत नाही. लोक रागावतात.

विषय हाच का?

कारण तो आपल्या अंगणातला आहे आणि अंगणातल्यांनाच नीट ठाऊक नाही. भडगाव तालुक्यातल्या कनाशीला महानुभावांची गर्दी असते, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कितीतरी गावांत आश्रम आहेत, शेजारच्या घरातून "दंडवत प्रणाम" ऐकू येतं. पण हा पंथ कसा उभा राहिला विचाराल तर शाळेतलं एक वाक्य आठवतं: लीळाचरित्र, म्हाइंभट, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. पाच मार्कांचा प्रश्न. त्या वाक्यात किती माणसं कोंबली आहेत हे मलाही ग्रंथ वाचायला घेतला तेव्हाच कळलं.

गोष्ट थोडक्यात सांगाल?

तेरावं शतक, देवगिरीच्या यादवांचा काळ. गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव. जुगारात हरतो, देणं भागवायला बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागतो. ती देत नाही. मन उडतं. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून तो घर सोडतो आणि वऱ्हाडात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचतो. तिथून पुढे ते चक्रधर स्वामी, पंथाचे संस्थापक. सालबर्डीच्या डोंगरातला एकांत, मग वर्षानुवर्षं पायी भटकंती, गोदाकाठची गावं, जमत गेलेली माणसं. त्यात पंडित होते, बायका होत्या, विधवा होत्या, गावकुसाबाहेरचेही होते. शेवटी स्वामी उत्तरेकडे निघून जातात. मागे राहिलेले ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या आधाराने एकत्र येतात.

आमची संगीतिका खरी सुरू होते ती इथे. नागदेवाचार्य एकटे बसून स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, आठवत असत. म्हाइंभटांनी विचारलं, हे लिहून ठेवू का? मग म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याच्या घरी स्वामी उतरले, ज्याला काही बोलले, त्या प्रत्येकाला विचारत गेले आणि १२७८च्या सुमारास लीळाचरित्र हा ग्रंथ झाला. माझ्या मते पंथाचा खरा पाया या विचारत फिरण्यात आहे. म्हणून आमचा नायक म्हाइंभट. झोळी खांद्याला लावून दारोदार जाणारा, आधी स्वतःच्या विद्वत्तेची घमेंड असलेला शास्त्री.

चक्रधर स्वामींची भूमिका कोण करतं?

कोणीच नाही. रंगमंचाच्या मधोमध एक रिकामा ओटा आहे.

ही युक्ती आमची नाही, पंथाचीच आहे. महानुभावांच्या स्थानांवर गेलात तर दिसेल की जिथे स्वामी बसले, निजले, जेवले तिथे ओटा बांधलेला असतो आणि नमस्कार त्या ओट्याला होतो. आम्ही सुरुवातीला एक उंच, गोरापान, चांगल्या गळ्याचा मुलगा शोधत होतो. दोन जण पाहिलेही. मग एका आश्रमातल्या वयस्कर बाबांसमोर संहिता वाचली. ते शेवटपर्यंत शांत होते. उठताना म्हणाले, "तो पोरगा उद्या बाजारात चहा पिताना दिसला तर लोकांनी काय करायचं?" त्या रात्रीच भूमिका कापली.

सगळी पात्रं ओट्याकडे पाहून गातात. ससा शिकाऱ्यांपुढून पळत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो, तो प्रसंग फक्त शिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर होतो. ससा पण नाही.

मग स्वामींचं बोलणं?

समूह म्हणतो, एकाच सुरावर, ताल न धरता, तंबोऱ्याच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर. तान नाही, हरकत नाही, शब्दाची पुनरावृत्ती नाही. सूत्रपाठातलं, म्हणजे स्वामींच्या वचनांच्या संग्रहातलं, वचन गायकाने "असावे, असावे, आऽऽ असावे" असं घोळवायला घेतलं की त्याचं वचनपण जातं. त्याचं गाणं होतं. हे आम्हाला तालमीत ऐकूनच कळलं.

नंतर कुणीतरी सांगितलं की युरोपातही हा पेच पडलेला आहे. आर्नोल्ड शॉनबर्गच्या 'मोझेस उंड आरोन' या ऑपेरात मोझेस गात नाही, बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या सुरात बोलतो. गातो तो त्याचा भाऊ. ज्याला देव कळला त्याला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येतं तो सोपं करून टाकतो. शॉनबर्गने तिसऱ्या अंकाचं संगीत लिहिलंच नाही. आम्ही निदान शेवटापर्यंत तरी पोचलो, असं आमचा पखवाजवाला म्हणतो.

हरिपाळदेवाच्या मृत्यूचा प्रसंग दाखवता का? तो इतिहास आहे का?

पंथाची श्रद्धा अशी की हरिपाळदेव वारले, त्यांना स्मशानात नेलं, आणि द्वारकेच्या चांगदेव राऊळांनी, म्हणजे श्रीचक्रपाणींनी, आपला देह ठेवून त्या देहात प्रवेश केला. उठून घरी आला तो वेगळा. हा इतिहास की श्रद्धा हे ठरवायला आम्ही बसलो नाही. प्रश्न आमच्यापुढे एवढाच होता की हे ऐकवायचं कसं.

चाल लावणाऱ्याने जे केलं ते मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडतं, म्हणून जरा सविस्तर. कमळाइसेचा विलाप भूप रागात आहे. सा रे ग प ध, पाचच स्वर. विलापाला भूप? आम्हीही नाक मुरडलं. तो म्हणाला, थांबा. स्मशानातून निरोप येतो की ते उठले, घरी येताहेत. त्या क्षणी तंबोरा थांबतो. दुसरा तंबोरा सुरू होतो, तो पहिल्याच्या गांधारावर, म्हणजे 'ग'वर, मिळवलेला. कमळाइसा तेच पाच स्वर गात राहते, एकही स्वर बदलत नाही, पण आता षड्ज दुसरा असल्यामुळे कानाला तो मालकंस लागतो. भूपाच्या गांधाराला सा मानलं की मालकंस मिळतो, हे गाणाऱ्यांना जुनंच ठाऊक आहे. मूर्च्छना म्हणतात त्याला. इथे तो हिशोब गोष्टच सांगतो. देह तोच, आतला धनी दुसरा. आणि बायकोला ते पहिल्यांदा कळतं.

दोन तंबोरे एकाच वेळी नीट मिळवून ठेवणं ही मात्र मे महिन्यात शिक्षा आहे. पंचेचाळीस अंशांत तारा उतरतात. हल्ली दुसरा तंबोरा आम्ही मोबाईलवर वाजवतो. कबूल करून टाकतो.

भाषा कोणती?

तीन तऱ्हेच्या. लीळाचरित्रातली जुनी मराठी फक्त समूहाच्या तोंडी. म्हाइंभट आणि शिष्य आजच्या मराठीत. आणि म्हाइंभटांना ज्या गावच्या बाया-माणसं माहिती देतात ती अहिराणीत आणि लेवा बोलीत गातात. यावर पुण्याच्या एका पाहुण्याने आक्षेप घेतला की त्या बाया गोदाकाठच्या, खान्देशी कशा? बरोबर आहे. पण प्रेक्षक खान्देशी आहेत. शिवाय मला एक गंमत आवडते: भडोचहून आलेल्या माणसाला मराठी शिकताना सगळ्यांत जवळची वाट अहिराणीतून गेली असती. तिकडचं 'छे' आणि आमचं 'शे' यांत अंतर किती?

भाषेचा मुद्दा या पंथात सजावटीचा नाहीच. पंथातल्याच विद्वान केशवराजपंडितांनी संस्कृतात प्रश्न केला तेव्हा नागदेवाचार्य म्हणाले, "तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा, मज श्रीचक्रधरें निरूपिली मऱ्हाटी, तियाचि पुसा." संस्कृतात ग्रंथ लिहू नको, स्वामींचा साधा परिवार त्याला मुकेल, असंही त्यांनी सांगितलं. हा प्रसंग आमच्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आहे. पंडित ध्रुपदात, आचार्य जात्यावरच्या ओवीच्या चालीत. टाळ्या नेहमी ओवीला पडतात. बहिणाबाई ज्या मातीत 'घरोट' म्हणून गेल्या तिथे याहून वेगळं होणार तरी काय?

सुरुवातीचं गाणं काहीच कळत नाही. माईक खराब असतो का?

नाही, मुद्दाम आहे. महानुभावांनी आपल्या पोथ्या शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. त्यांतल्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं येतं. बाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी ती मुकीच राहायची. आमचा पहिला समूहस्वर तसाच अक्षरं बदलून गायला आहे. सगळ्यात शेवटी तीच चाल पुन्हा येते, खऱ्या अक्षरांत.

ही लिपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी उलगडली आणि एवढं मोठं वाङ्मय मराठी वाचकांसमोर यायची वाट मोकळी झाली. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. धुळ्याच्या प्रयोगात हे निवेदनात सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आमना गावना माणूस!" राजवाड्यांना ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. ते फारसे कुणालाच 'आमचे' म्हणू देणारे नव्हते.

बायकांची पात्रं जास्त का आहेत?

कारण ग्रंथात आहेत. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, हिराइसा. महदाइसा तर सारखे प्रश्न विचारणारी. मराठीची आद्य कवयित्री म्हणतात ती हीच. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने तिने रुक्मिणीचे धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी, त्यामुळे त्या प्रसंगाला आम्ही खान्देशात हळदीच्या वेळी बाया म्हणतात तीच ठेवण वापरली. तिथे प्रेक्षागृहातल्या बाया आपोआप ठेका धरतात, मग गायिका त्यांच्या मागे जाते. तेवढी तिला मुभा आहे.

विटाळाचा प्रसंगही आहे. शरीराला जशी इतर द्वारं तसंच हे एक, नाकातून शेंबूड येतो तसा तो धर्म, त्याला शिवाशिव कसली, असं स्वामींचं म्हणणं लीळाचरित्रात आहे. हा भाग कापा अशी सूचना तीनदा आली, तिन्ही वेळा पुरुषांकडून. पंथाच्या लोकांकडून एकदाही नाही.

नांदी आणि नटराजपूजन का नाही?

ही आमची सगळ्यात मोठी चूक होती आणि ती झाकायची नाही. पहिलं वाचन आश्रमात ठेवलं होतं. आम्ही हौशी नाटकवाले, सवयीने नारळ फोडला आणि गणपतीची नांदी म्हटली. समोर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणी काही बोललं नाही. महानुभाव पंचकृष्णांना मानतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर. इतर देवतांची उपासना त्यांच्या आचारात बसत नाही. ज्यांची गोष्ट सांगायला गेलो त्यांच्याच घरात आम्ही त्यांना पहिल्या पाच मिनिटांत परकं केलं.

आता ज्याला हात जोडायचे तो रंगपटाच्या खोलीत जोडतो. पडदा उघडतो तो तंबोऱ्यावर. एका जुन्या नटाने यावरून मंडळी सोडली. नांदीशिवाय तो चेहऱ्याला रंग लावणार नाही म्हणाला. त्याचंही मला पटतं.

सगळ्यांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा काय करता?

ठेवतो तशाच. ग्रंथातच तशी पद्धत आहे: हिराइसेला असं आठवतं, दुसऱ्याला तसं, दोन्ही नोंदवून पुढे जायचं. या पाठभेदाला 'वासना' म्हणतात. आमच्याकडे अशा जागी दोन आवाज एकाच वेळी दोन वेगळ्या ओळी गातात आणि म्हाइंभट कागदावरून मान वर करून थांबतो. स्वामींच्या दृष्टान्तातला जात्यंधांचा हत्तीही याच भागात येतो. कुणाला पाय लागला तो खांब म्हणतो, कुणाला कान लागला तो सूप. सहा गायक, सहा ठेके. बसवायला दीड महिना लागला आणि अजूनही कधीकधी सूपवाला खांबात शिरतो.

तमाशातले, वहीतले कलाकार खरंच घेतलेत?

हो. समूहातले चौघे वहीगायनातले आहेत. रात्रभर उभं राहून कथा गाण्याची त्यांना सवय, दोन तासांची संगीतिका म्हणजे त्यांना न्याहारी. ढोलकी तमाशातली. शास्त्रीय गायिकेचं आणि ढोलकीवाल्याचं पहिल्या आठवड्यात वाजलं. ती म्हणे लय पळते, तो म्हणे लय नाही, ताई तुम्ही निजता. मग त्याच्या बायकोने डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली आणि विषय मिटला. मिरचीमुळे गायिकेचा आवाज दोन दिवस बसला, ते वेगळं.

आम्हाला आमच्या गावी असं काही बसवायचं असेल तर परवानग्या?

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या, ते नसेल तर चांगलं नाट्यगृह मिळत नाही. उघड्यावर प्रयोग असेल तर पोलिसांची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. रात्री दहाला आवाज बंद, म्हणून प्रयोग साडेसातच्या पुढे ढकलू नका. तेराव्या शतकातला ग्रंथ कुणाच्या मालकीचा नाही, पण आजच्या संपादकाच्या टीपा, प्रस्तावना, अर्थ त्याच्या आहेत. त्या उचलू नका. चाल लावणाऱ्याशी आणि गीतं लिहिणाऱ्याशी कागदावर करार करा, सख्खा भाऊ असला तरी. सख्खा असेल तर जास्तच.

कागदांपेक्षा महत्त्वाचं: ज्यांचा धर्म आहे त्यांना वाचून दाखवा, आणि लवकर दाखवा. संहिता 'मंजूर' करून घ्यायला जाऊ नका. तसे गेलात तर समोरचा माणूस अधिकारी होतो आणि अधिकाऱ्यासारखं कापतो. ऐकायला बोलावलं तर आठवणी सांगतो. माझ्या संहितेतली चांगली वाक्यं बरीचशी तिथून आली आहेत.

विरोध झाला का?

एकदा निरोप आला की बंद पाडू. आम्ही त्या मंडळींना तालमीला बोलावलं. सहा जण आले, चार शेवटपर्यंत बसले. एकाने विचारलं, "स्वामी कुठे आहेत?" आमच्यातल्या मुलीने ओट्याकडे हात केला. तो तिकडे बराच वेळ बघत राहिला.

खरा अडथळा डीजेचा. एका तालुक्याच्या गावी शेजारच्या लॉन्सवर लग्न होतं. सशाच्या प्रसंगात, शिकारी गप्प होतात त्या जागी, जमिनीतून धडधड यायला लागली. पखवाजवाल्याने तोच ठेका उचलला, शिकाऱ्यांच्या पावलांचा करून टाकला आणि हळूहळू स्वतःचा आवाज काढून घेतला. लोकांना वाटलं तसंच बसवलंय.

तिकीट किती? लहान मुलं आणू का?

तिकीट नाही, शेवटी झोळी फिरते. मुलं आणा, पण कुरकुरे नकोत.

प्रयोग नसतो तेव्हा तो ओटा कुठे असतो?

हे विचारणारे वाढलेत म्हणून शेवटी लिहितो. ओटा प्लायवूडचा आहे, चार फूट बाय अडीच, वर मातीचा लेप. पहिल्या काही प्रयोगांनंतर तो टेम्पोत आडवा टाकायचो, वर स्पीकरचे खोके. मग एका प्रयोगानंतर, दिवे अर्धे विझलेले, एक म्हातारी आजी रंगमंचावर चढल्या. चपला खाली काढून आलेल्या. ओट्यावर डोकं टेकवलं. आमचा नेपथ्यवाला पोरगा घाईत होता, म्हणाला, "आजी, खोटा आहे तो, प्लायवूडचा." आजी म्हणाल्या, "माहीत शे रे भाऊ." आणि पुन्हा टेकवलं.

आता टेम्पोत तो उभा बांधतात, वर काही ठेवत नाहीत. एरवी तो एकाच्या कापसाच्या कोठीत असतो. हंगामात कोठी भरली की त्याच्या घरी, माजघरात. त्याची आई त्याच्यावर कपडे वाळत घालू देत नाही.